आपांची बाजू

आपांसमोर ‘विमान पडलं’ म्हणायची सोय नव्हती. समोर विद्यार्थी असो की निवृत्त न्यायमूर्ती, त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, “आंबे पडतात. हे पाडलंय.” कॅम्पातल्या अत्तरवाल्यांच्या घरातली ही मुलगी, पण जीभ अस्सल पुणेरी, सुगंधाचा संबंध नाही. त्या आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत. मी त्यांच्याच हाताखाली वकील झालो.

वाघोलीच्या वानखेड्यांची ऋतुजा शिकायला परदेशी निघाली होती. वाटेत, युद्ध चाललेल्या एका देशावरून जाताना तिच्या विमानाला क्षेपणास्त्र लागलं; कुणीच वाचलं नाही. ते सोडलं त्याच देशाच्या सैन्यानं, चौकशीही त्यानेच केली आणि ‘नजरचूक’ म्हणून मिटवली. नियमच तसा. आपा सांगत, “अवशेष ज्याच्या अंगणात, चौकशी त्याची. आणि दगड त्यानेच मारला असेल तर?”

विमान ज्या देशाचं होतं, तो खुल्या चौकशीसाठी लवादाकडे गेला. त्याच्या वकिलांत आपा होत्या. कागद तपासताना कळलं, की ही वाट धोक्याची आहे असा इशारा विमान कंपनीला आधीच मिळाला होता. वरिष्ठ म्हणाले, वाच्यता नको. आपा म्हणाल्या, “त्यांनी दार उघडायचं आणि आपण कडी लावून बसायचं?” त्यांना काढून टाकलं.

हे कानावर जाताच ऋतुजाचे वडील, वानखेडे, तावातावाने आपांच्या घरी आले. “मॅडम, केस बुडवता का आमची? तुम्ही आहात तरी कोणाच्या बाजूच्या?”

“ऋतुजाच्या,” आपा म्हणाल्या. “तिला मारलं कुणी ते कळायला हवं, आणि त्या वाटेनं नेलं कुणी तेही.”

चहाला हात न लावता ते निघून गेले. 

सुनावणीत समोरच्यांनी नेमका तोच इशारा बाहेर काढला. लपवलेलं उघडं पडलं. मग त्याच वरिष्ठांचं आपांना बोलावणं गेलं. केमो चालू होती, तरी गेल्या. उभं राहून म्हणाल्या, “होय, इशारा होता. आमची चूक आम्ही मांडतो. आता तुमची तुम्ही मांडा.”

तटस्थ तपासनीसांना अवशेष पाहू द्या, असा आदेश झाला. तपास सुरू झाला आणि आपा गेल्या.

कब्रस्तानात वानखेडे मागे, एकटेच उभे होते. मला हळूच विचारलं, “मी माती घातली तर चालेल का हो?”

आपांच्या भावाने ते ऐकलं. हाताला धरून त्यांना पुढे नेलं आणि म्हणाले, “या. आधी तुम्ही.”