साडूंचा आशियाई शिष्टाचार

आमच्या थोरल्या साडूंइतका सभ्य माणूस अख्ख्या इंदुरात दुसरा नसेल, आणि सभ्यतेच्या नावाखाली इतक्या लोकांचा अपमान केलेला माणूसही दुसरा नसेल. पीथमपूरच्या कारखान्याने त्यांना एकदा दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगला जपानला पाठवलं. गेले तेव्हा ते पोह्यांवर मूठभर सेव टाकून खाणारे राजेंद्र नगरातले साधे गृहस्थ होते. परत आले ते सबंध आशिया खंडाचे वकील होऊन. तेव्हापासून कुठेही नूडल्सचा वास आला की साडूंची पाठ आपोआप कमरेत वाकते, आवाज मऊ होतो आणि शेजारी बसलेल्या माणसाचं काय काय चुकतंय ते त्यांना दिसायला लागतं.

विजयनगरात एक जपानी हॉटेल उघडलं तेव्हा साडू आम्हाला सगळ्यांना घेऊन गेले आणि दारातच बूट काढायला लागले. मॅनेजर म्हणाला, "पहने रहो अंकलजी, यहाँ सब चलता है." साडूंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि मोज्यांवर आत शिरले. आम्ही मॅनेजरचं ऐकलं, म्हणून आमची पादत्राणं वाचली. जेवून बाहेर येतो तर त्यांचे बूट गायब! आमचं शहर स्वच्छतेच्या बाबतीत भलतंच कडक. दारात पडलेला तो ऐवज झाडूवालीने केव्हाच गाडीत टाकला होता. "हमको लगा कचरा है," ती म्हणाली. साडू तसेच मोज्यांवर पार्किंगपर्यंत चालत गेले, आणि चालताना जपानमध्ये असं कधीच झालं नसतं हे आम्हाला पटवत राहिले. त्याच जेवणात त्यांनी नूडल्स सुर्रकन आवाज करत ओढून दाखवल्या होत्या, कारण तो म्हणे आचाऱ्याचा सन्मान. तो सन्मान ऐकून पलीकडचे एक गृहस्थ पाण्याचा ग्लास घेऊन धावत आले आणि त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "आराम से भिया, निकल जाएगा."

भातात चॉपस्टिक उभ्या खोचणं हा तर त्यांच्या लेखी फौजदारी गुन्हा. तसं फक्त मेलेल्या माणसासाठी करतात, एवढं त्यांना माहीत होतं. एकदा लांबच्या टेबलावर कुणीतरी तशा खोचलेल्या दिसल्या, तर हे तिथवर जाऊन म्हणाले, "माफ करना, आपके यहाँ कोई गुजर गया है क्या?" तो बिचारा म्हणाला, "भिया, जनमदिन है मेरा!" साडू कमरेत वाकून परत आले. आपण त्या माणसाला मोठ्या अपशकुनातून वाचवलं, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. माझी मेहुणी, म्हणजे ताई, अशा वेळी मेनूकार्ड चेहऱ्यासमोर धरून बसायची. सगळे पदार्थ तिला पाठ झाले होते.

मग त्यांच्या मुलीने, मुक्ताने, बँकॉकहून फोन केला. तिथल्या ऑफिसातला एक थाई मुलगा तिने पसंत केला होता, आणि तो आईला घेऊन तिच्याबरोबर इंदूरला येणार होता. ताई दोन दिवस रडली. साडू मात्र हरखून गेले. एवढी वर्षं ज्या परीक्षेची तयारी केली, ती आता घरी चालून येत होती. ताईला वाटत होतं, घरीच श्रीखंड-पुरी करावी. "घरी नाही," साडू म्हणाले. "त्यांना अपनापन वाटला पाहिजे." राजवाड्यामागच्या दुकानातून त्यांनी चॉपस्टिकचा गठ्ठा आणला आणि आम्हा सगळ्यांना शेंगदाणे उचलायला बसवलं. आग्रह करायचा नाही, कुणाच्या ताटात वाढायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. मी म्हटलं, "अहो, पण ते लोक थाई आहेत, जपानी नाहीत." साडू म्हणाले, "आशिया म्हणजे शेवटी एकच संस्कृती हो." आपणही आशियातच राहतो, हे तेव्हा त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

ठरल्या दिवशी विजयनगरातल्या त्याच हॉटेलात आम्ही परेडला उभं राहावं तसे बसलो होतो. विहीणबाई बुटक्या, हसऱ्या, थोड्या घाबरलेल्या. सूप आलं आणि साडूंनी ते सन्मानपूर्वक ओढलं. विहीणबाई दचकल्या. "बाबा, हळू," मुक्ता कुजबुजली. "त्यांच्याकडे असा आवाज करत नाहीत." मग भात आला. आम्ही सगळ्यांनी एकदमच चॉपस्टिक उचलल्या. विहीणबाईंनी समोरच्या काड्यांकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि मुलाने वेटरकडे हळूच चमचा मागितला.

"बाबा," मुक्ता म्हणाली, "ते भात चमच्याने खातात. काट्याने नुसता सरकवतात. मी फोनवर सांगितलं होतं तुम्हाला."

"पण जपानमध्ये..."

"ते जपानचे नाहीत ना, बाबा!" तिचे डोळे भरून आले होते. "मी त्यांना सांगितलं होतं, माझे बाबा फार वाचतात, फार विचारतात. तुम्ही त्यांना एक गोष्ट तरी विचारलीत का?"

साडूंच्या हातातल्या काड्या टेबलावर पडल्या. ताई उठली, नवऱ्याची सगळी बंदी झुगारून विहीणबाईंच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "घ्या हो, काहीच खाल्लं नाही तुम्ही." विहीणबाईंना शब्द कळले नाहीत, पण चेहरा एकदम उजळला. त्यांनी लगेच माशाचा चांगला तुकडा निवडून ताईच्या ताटात ठेवला, मग मुक्ताच्या, आणि मग, जरा विचार करून, साडूंच्या. मुलगा इंग्रजीत म्हणाला की त्यांच्याकडे पाहुण्याला असंच वाढतात. साडूंनी चमचा मागवला. चमच्याने तो तुकडा खाल्ला. निरोप घेताना विहीणबाईंनी छातीशी हात जोडून मान लववली. साडूंनी आधी कमरेत वाकायला सुरुवात केली, मध्येच थांबले, सरळ झाले आणि हात जोडले.

लग्न झालं, मुक्ता परत बँकॉकला गेली. आता रविवारी फोनवर विहीणबाई पडद्यावर येतात. साडूंना आणि त्यांना एकमेकांची भाषा येत नाही. त्यांच्याकडे भेटल्यावर 'जेवलात का' असं विचारतात म्हणे, तर साडू तेवढं थाईत शिकलेत आणि त्या मराठीत. दोघंही तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, हसतात, आणि फोन मुक्ताकडे जातो. फोन बंद झाला की ताई पानं वाढते. परवा मी होतो जेवायला. मी कसा जेवतोय याकडे साडूंचं लक्षच नव्हतं. ते मुक्ताच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत जेवत होते आणि ताई त्यांना वाढत होती.