नळीतली अगरबत्ती

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली. नातवंडांना नोकरीतल्या गमती सांगताना धरणावरच्या नावेपर्यंत यायचो आणि विषय बदलायचो. गोष्ट हसण्यासारखीच आहे. पण तिच्यात एका माणसाचं कामही गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं. आता लपवून कोणाचं भलं होणार आहे?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ सरला होता आणि मेडशीच्या अलीकडचं आमचं धरण पहिल्यांदा भरलं होतं. मी तिथे रोजंदारीवर फिटर होतो. पंप, नळ, इंजिन, जे बंद पडेल ते माझं. एक दिवस ट्रकवर लादलेली मोटरनाव आली. कुठल्याशा खाडीत म्हातारी झालेली, आता पाण्याची खोली मोजायला आणि साहेबांच्या पाहणीला आमच्याकडे धाडलेली. समुद्रावरची असल्यामुळे तिच्या पोटात गोड्या पाण्याची पत्र्याची टाकी होती. टाकीवर हातपंप आणि पुढे परातीएवढ्या बेसिनवर पितळी तोटी. चारी बाजूंना गोडं पाणी, आणि त्यावर तरंगणारी ही टाकी आम्ही विहिरीवरून बादल्या आणून भरायचो. कारण वरून आलेल्या कागदावर लिहिलं होतं : टाकी भरलेली असावी.

नाव चालवायला मेडशीचाच एक माणूस ठेवला. बौद्ध होता, मुंबईच्या गोदीत चार वर्षं काम करून परतलेला. आम्हा सगळ्यांत नाव कशाला म्हणतात हे ठाऊक असलेला तो एकटाच. तोही रोजंदारीवरच. साहेब पाहणीला येतील तेव्हा आम्हा दोघांपैकी एकाला कायम करतील, असं बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, बोलून गेले होते. त्याला तीन मुली होत्या. माझं लग्न व्हायचं होतं.

नाव पाण्यात सोडायच्या दिवशी बडेबाबूंनी पूजा मांडली. नारळ फुटला, हळदकुंकू झालं, पण अगरबत्ती उभी राहीना. वारा होता, आणि खोचायला केळं कोणी आणलं नव्हतं. टाकीच्या वर एक बोटभर उंचीची नळी निघाली होती. तिची टोपी कुठेतरी हरवली होती. अगरबत्तीसाठीच केल्यासारखी. मी धरणावरच्या आमच्या स्वयंपाक्याकडून कणकेचा गोळा आणला, नळीत अंगठ्याने ठासला आणि त्यात तीन काड्या रोवल्या. बडेबाबूंनी वरून शेंदूर लावला.

नावाडी जवळ आला. "फिटरभाऊ, ही वाऱ्याची नळी आहे. टाकीले दम घ्याले लागते."

"टाकी काय म्हैस आहे का?" मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला.

"सोताचं नाक दाबून पाह्य मंग," तो म्हणाला.

दोन दिवसांत कणिक दगड झाली. पुढे दर शुक्रवारी बडेबाबू तिच्यावर ताजी कणिक, ताजा शेंदूर आणि नवी काडी चढवू लागले. आणि तोटी बिघडली. पंपाचे दहा दांडे मारले की पाणी यायचं, मग दांडा जड व्हायचा, तोटी शेंबडासारखी गळायची आणि टाकीचा पत्रा आत जाऊन 'ढब्ब' असा आवाज यायचा. मी झाकण उघडलं की फुस्स, पुन्हा ढब्ब, आणि पाणी धो धो! झाकण लावलं की बंद. मी पंपाचं चामडं बदललं. नळ्या तोंडाने फुंकून पाहिल्या. तोटी उकळत्या पाण्यात टाकली. उघड्या टाकीत दोष सापडेना आणि बंद टाकीत डोकावता येईना. टाकीत काहीतरी बसलं आहे, असं स्वयंपाकी म्हणू लागला.

"त्या नळीतली कणिक काढा ना," नावाडी म्हणाला.

"तो देव आहे आता," बडेबाबू म्हणाले. "तुले नसन, आमाले आहे."

"धरण एवढं मोठं सोडून देव नळीत काहून राह्यला, बडेबाबू?"

शेवटी त्यानेच तोड काढली. झाकण ढिलं ठेवायचं. देव जागेवर, पाणीही चालू.

साहेब आले त्या सकाळी मला वाटलं, ढिलं झाकण बरं दिसत नाही. कोणाला न सांगता मी त्याचे आठही स्क्रू आवळले.

धरणाच्या मधोमध बडेबाबूंनी पंपाचे दांडे मारले, साहेबांनी तोंड ओलं करून साबण लावला आणि पुन्हा तोटी उघडली. ढब्ब! साहेब डोळे मिटून ओरडले, "पाणी! अरे, पाणी!" सभोवती अर्धा कोस पाणी. बडेबाबू पंपाचा दांडा मारत होते, स्वयंपाकी हात जोडत होता, मी तोटी ठोकत होतो. नावाड्याने बादली धरणात बुडवली आणि साहेबांच्या तोंडावर ओतली. साहेबांचा सदरा भिजला, बूट भिजले. बडेबाबूंचं लक्ष झाकणाकडे गेलं : "हे तं आवळलेलं आहे!"

"टाकी बंद कोणी केली?" साहेबांनी विचारलं.

तेव्हा मला सगळं कळलं. नळी, कणिक, दम. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "साहेब, झाकण यानंच लावलं."

कोणाला शंका आली नाही. देवाला हात न जोडणारा तोच एक होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नाव सरळ काठाला आणली. संध्याकाळी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पेचकसाने कणिक उकरून काढली. ढब्ब झालं आणि तोटी वाहू लागली, ती पुढे कधी बंद पडली नाही. देव गेलेला बडेबाबूंनी पाहिला, पण पाणी येत होतं, म्हणून विचारलं नाही. महिन्याभरात मी कायम झालो.

बऱ्याच वर्षांनी तो मला शेलूबाजारच्या थांब्यावर भेटला. पायाशी तुरीचं पोतं होतं, केस पांढरे झाले होते.

"काय फिटरभाऊ, नावेतला देव आहे का अजून?"

"गेला," मी म्हणालो.

"कोणं काढला?"

विचारायचं ते त्याने विचारलं होतं. मी म्हणालो, "वाळून पडला आपोआप."

"आपोआप?" तो हसला. "बरं झालं बाप्पा. टाकीले दम तं भेटला."

एसटी आली. पोतं चढवायला मी हात लावला. तो खिडकीशी बसला, मी खाली गज धरून उभा. वाक्य तोंडात तयार होतं. कंडक्टरने घंटी मारली आणि मी गज सोडला. पुढे तो वारल्याचं कळलं. ते वाक्य लहानसंच होतं : भाऊ, झाकण मी आवळलं होतं, मले माफ कर.