ओढ्यापलीकडचे ड्रायव्हर

समस्त पुरुषजातीला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पृथ्वी शेषाच्या फण्यावर उभी असल्याची बातमी खोटी आहे. ती माझ्या थोरल्या साडूंच्या मिशीवर उभी आहे. ही मिशी एका बाजूने जरा जरी खाली आली, तरी सावेडीपासून पारनेरपर्यंतचे सगळे नवरे दुसऱ्या दिवशी भांडी घासायला लागतील, अशी साडूंची प्रामाणिक समजूत आहे. म्हणून सुप्याच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुरुषार्थाचं रक्षण हेच पूर्णवेळ काम पत्करलं.

त्यांची निम्मी वाक्यं "बाप्यामाणसानं" या शब्दाने सुरू होतात. बाप्यामाणसानं छत्री घेऊ नये, भिजावं. डॉक्टरला "दुखतंय" म्हणू नये, "जरा जाणवतंय" म्हणावं. कोथिंबीर आणायची तर ती पिशवीतून डोकावता कामा नये. साडू तिची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरतात आणि कोर्टाचे कागद नेत असल्यासारखे घरी येतात. एकदा साडीच्या दुकानात अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, आपली पर्स क्षणभर त्यांच्या हातात दिली. साडूंनी ती दोन बोटांत, हात लांब करून अशी धरली की शेजारची एक बाई म्हणालीच, "कुणाची सापडली हो? काउंटरवर द्या की." त्यांनी खरोखर दिली! बिल द्यायची वेळ आली तेव्हा अक्का दुकानभर पर्स शोधत होत्या.

पण माणूस आतून लोणी. अक्कांना ताप आला की स्वयंपाकघराची खिडकी लावून, पडदा ओढून साडू स्वतः कणीक मळतात. मध्येच बेल वाजली तर कणकेचे हात थेट लेंग्याच्या खिशात. त्यांचे सगळे लेंगे खिशापाशी कडक झालेले आहेत. "हे काय हो?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "स्टार्च."

या मिशीला खरा धोका निर्माण झाला तो गाडी घेतल्यावर. नवरा-बायको दोघंही शिकायला गेले. साडूंनी पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलची पाटी पाडली, आणि अक्का महिन्याभरात घाट चढून आल्या. घरात ही गोष्ट कुणी बोलून दाखवली नाही. फक्त एक व्यवस्था आपोआप ठरली. पारनेरकडच्या त्यांच्या गावाला जायचं तर नगरपासून ओढ्याच्या पुलापर्यंत अक्का गाडी चालवणार. पुलाच्या अलीकडे, बाभळीखाली, गाडी थांबणार. अक्का बुटक्या, म्हणून त्यांच्या बुडाखाली एक उशी असते. ती काढायची, सीट मागे सरकवायची, दोघांनी गाडीला वळसा घालून जागा बदलायच्या. मग साडू मिशीवरून हात फिरवणार, आणि पूल ते घर हे अंतर पहिल्या गिअरमध्ये, वरातीच्या वेगाने कापणार. गावाला तो रुबाब वाटायचा. पोरं पुढे पळायची, म्हातारे म्हणायचे, "हाय का घाई? साहेबी चाल हाय ती!" आणि रिव्हर्स? तो साडूंनी कधी टाकला नाही. "बाप्यामाणसानं टाकलेलं पाऊल मागं घेत नसतात," असं ते मला समजावत.

"अक्का, तुम्ही हे चालवून का घेता?" मी एकदा विचारलं. अक्का हसल्या. "एवढ्याशा रस्त्यानं माझं काय जातं? त्यांची मान मात्र गावात ताठ राहते. आणि त्यांच्या आई ओट्यावर वाट बघत असतात ना."

खरी गोम इथे होती. साडूंच्या आईंनी ओट्यावर बसून लेकाची गाडी येताना बघायची, आणि साडूंनी उतरून भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोला नमस्कार करायचा. "आमचे वडील बैलगाडी हाकायचे तर धूळ मागं राहायची! आमच्या घराण्यात बाईच्या हातात कासरा गेला नाही," हे ते मला दर वेळी ऐकवत. आई नुसत्या पदर तोंडाला लावून बसायच्या. मला वाटे, आठवणीने गहिवरल्या.

गेल्या थंडीत हुरड्याला आम्ही सगळे गेलो. बाभळीखालचा सोहळा झाला, साडूंनी गाडी थेट शेतापर्यंत नेली आणि बांधाला नाक लावून उभी केली. अरुंद पाणंद, दोन्हीकडे चर. आई आणि सगळी भावकी आधीच तिथे जमली होती. हुरड्याची आगटी पेटली होती, कणसं तडतडत होती, पुतणे चटणीवरून भांडत होते. "बाप्यामाणसानं हुरडा गरमच खावा," असं म्हणून साडूंनी नुकती जीभ भाजून घेतली होती. आई आणखी एक गोवरी आणायला ढिगाकडे गेल्या, आणि तिथूनच ओरडल्या. गोवरीखाली विंचू होता. लाल.

बघता बघता म्हातारीला दरदरून घाम फुटला, हात गार पडले. दोघांनी उचलून त्यांना गाडीत निजवलं. अक्का त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसल्या, मी पायाशी. "काका, काढा गाडी! पारनेर गाठा!" पुतणे ओरडत होते. साडू स्टिअरिंगवर बसले. गाडी सुरू झाली, गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. समोर बांध, आणि जायचं होतं मागे. मी अक्कांकडे पाहिलं. त्या सासूचा घाम पुसत होत्या, ओठ घट्ट मिटून. नवऱ्याच्या मिशीला चारचौघांत हात लावायचा नाही, ही सवय त्यांना त्या क्षणीही सोडवेना. म्हातारीला ओकारी झाली.

साडूंनी दार उघडलं. सगळ्या भावकीसमोर खाली उतरले, आणि सुपरवायझरची शहरी भाषा गळून पडली.

"मला न्हाई येत रं! मला मागं घेता येत न्हाई! गाडी हीच आनती, मी नुसता वढ्यापासून बसतो! अगं ये ना, तू घे, माझी आय जाईल!"

अक्का एका उडीत पुढे. उशीसुद्धा मागितली नाही. मान वळवून त्यांनी ती गाडी पाणंदीतून अशी मागे काढली की चराची माती ढळली नाही. साडू मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि उशी छातीशी धरून रडत होते.

संध्याकाळपर्यंत आईंचा धोका टळला. दवाखान्यात सलाईन चालू होतं. साडू खाटेशी मान खाली घालून बसले. मिशी दोन्हीकडून खाली आली होती, आणि पृथ्वी होती तिथेच होती.

हल्ली अक्का गाडी थेट ओट्यापर्यंत नेतात. बाभळीखाली मात्र अजून थांबतात. दोघं उतरतात, साडू थर्मासमधला चहा अक्कांना आधी ओतून देतात, गाडीला एक वळसा घालतात आणि पुन्हा आपापल्याच जागी बसतात. "सवय हो," असं साडू म्हणतात. मला तो वळसा फार आवडतो. पण तो बघताना दर वेळी दवाखान्यातली ती खाट आठवते. साडू खालच्या मानेने म्हणाले होते, "आय, लई फसवलं तुला." आणि म्हातारी सलाईनचा हात वर करून, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी बोलून गेली होती:

"आरं, तुझ्या बापाला तरी कुटं बैलं आवरायची? त्या वढ्यापातूर कासरा माझ्याच हातात असायचा!"