दरेकशाच्या चढावर एक टोपली माती

गोंदियाच्या स्टेशनावर मी उतरलो तो चैत्रातल्या टळटळीत दुपारी. दोन दिवस आगगाडीत बसून अंग आंबले होते. फलाटावर उतरताच भाताच्या कोंड्याचा वास नाकात शिरला. गिरण्यांची धुराडी कुठूनही दिसत होती, आणि कानावर पडत होती ती सगळी हिंदी. आपल्या कृष्णाकाठची बोली बोलणारा एक माणूस भेटेल तर बरे, असे वाटून मी एका पानवाल्याला मराठीत शेठजींच्या पेढीचा पत्ता विचारला.

"किस सेठ की?" तो चुना लावता लावता म्हणाला. "यहाँ तो हर दूसरा आदमी सेठ है."

शेवटी पेढी सापडली. विडीच्या पानांचा व्यापार. शेठजींनी मला पाणी दिले, सावलीत बसवले, जेवलात का म्हणून विचारले. ते उपकार मी विसरणार नाही. पण त्यांच्या प्रत्येक चांगल्या शब्दाला मी मान खाली घालीत होतो. कारण नोकरीसाठी धाडलेल्या पत्रात मी लिहिले होते, 'फटफटीचे सर्व काम येते.' खरे सांगायचे तर पाचवीत शाळा सुटल्यावर मी सायकलच्या दुकानात राबलो होतो, आणि पुढे एका मोटारवाल्याकडे तो काम करीत असताना फक्त नटबोल्टचे पाने त्याच्या हातात देत होतो.

शेठजींची फटफटी म्हणजे इंजिन बसवलेली जाडजूड सायकलच. पायडल मारून सुरू करायची. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून ती गोदामात पोत्यांखाली पडून होती. आता कुपनावर थोडे मिळू लागले होते. दरेकशाच्या डोंगरापलीकडे पानांचे फड (पाने गोळा करून मोजण्याच्या जागा) लागणार होते, आणि पेढीचे हिशेब पाहणाऱ्या मुनीमजींना रेंगीने (हलक्या बैलगाडीने) तिथे जायला फार वेळ लागे. निरोप, पिशव्या, सुतळी घेऊन फटफटी जावी, असा शेठजींचा बेत.

"पानांची तोड सुरू व्हायला आठ दिवस आहेत," शेठजी म्हणाले. "गाडी डोंगर चढली तर तुम्ही इथलेच. नाही चढली तर विकून टाकू. मग तुम्हाला तरी उगाच कशाला अडकवून ठेवू?"

बोलणे सरळ होते, रागाचे नव्हते. पण मी घरी आईला 'नोकरी पक्की झाली' असे कार्ड आधीच टाकून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. कामठा गेले, आमगाव गेले. दोन्ही बाजूंना भाताच्या बांध्या (बांध घातलेली खाचरे) कोरड्या पडल्या होत्या, मातीला भेगा गेल्या होत्या. मोहाची झाडे मात्र फुले गाळीत उभी होती आणि त्यांच्याखाली बाया वाकून फुले वेचीत होत्या. गावागावाला तलाव. आमच्याकडे नदी असते, इथे प्रत्येक गावाने आपले पाणी स्वतः अडवून ठेवले आहे. सपाटीला गाडी अशी सुसाट पळत होती की मी मोठ्याने गाणे म्हणू लागलो. ऐकायला कोणी नव्हते, म्हणून पुरते म्हटले.

डोंगर दिसला तेव्हा तर मला हसूच आले. आमच्या घाटांपुढे हे टेकाड! पण दुसऱ्या वळणाला इंजिनाने खाकरे काढले आणि ते गप्प झाले. खाली उतरून पुन्हा पळत आलो. त्याच वळणाला बंद. प्लग पुसला, नळीतली काजळी खरवडली, पेट्रोल वाढवले. धूर वाढला, जोर वाढला नाही. चौथ्या खेपेला मी गाडी ढकलीत खाली आणली आणि पायथ्याच्या तलावाशी जाऊन बसलो. दगडासारखा बसलो. आईला दुसरे कार्ड काय लिहायचे तेच डोक्यात फिरत होते.

तलावाच्या पाळीवर (मातीच्या बांधावर) काम चालले होते. पंचवीस-तीस बाया आणि गडी तळातली माती खणून टोपल्यांनी पाळीवर टाकीत होते. एक म्हातारा काठी घेऊन कुठे माती कमी आहे ते दाखवीत होता. त्याने मला पाहिले.

"काऊन बसला गा बापू? गाडी रुसली का?"

"चढत नाही, आजोबा."

"चार डाव पाह्यलं मी. जावून रायली, थांबून रायली." त्याने आपले नाव डोमाजी कोहळी सांगितले. हा तलाव त्याच्या पणज्याने बांधला होता आणि दर उन्हाळ्यात पाळ भरून घेणे हे त्याच्या घराकडे होते. "आधी जेवून घे. उपाशी माणसाचं यंत्र कायले चालंल?"

पळसाच्या पानावर भात, लाखोळीच्या डाळीचे वरण, तलावातल्या बारीक मासोळ्यांचा रस्सा. घर सोडल्यापासून कोणी असे शेजारी बसवून वाढले नव्हते. हात धुऊन मी उठलो तर डोमाजींनी समोर टोपली ठेवली.

"पाळीवर जेवला त्यानं एक टोपली माती टाकाव लागते. पाव्हना असो का राजा."

मला वाटले, एवढेच ना! टोपली डोक्यावर घेतली आणि लांब ढांगा टाकीत पाळ चढू लागलो. अर्ध्यावर दम संपला, आणि मी मातीसकट खाली घसरलो. बायांमध्ये हशा पिकला.

"हा बी थांबला पाहा! जशी गाडी तसा मालक!" एक म्हातारी बाई म्हणाली. ती डोमाजींची बायको. तिने स्वतःची भरली टोपली डोक्यावर ठेवली आणि ती माझ्यासमोरून चढून गेली. टोपली माझ्या टोपलीएवढीच, वय माझ्या आजीचे. मी तिच्या पायांकडे पाहत राहिलो. पाऊल एक वीतभर पडत होते, पण एकामागून एक पडत होते, कुठे थांबत नव्हते.

"ढांग लांब टाकून रायला तू," डोमाजी म्हणाले. "सपाटीवर ठीक हाये. पाळीवर पाय आखूड पायजे. दम तेवढाच, पावलं जास्त."

मी गाडीकडे पाहिले. मागच्या चाकावरच्या चकतीचे दात मोजले, इंजिनाकडचे मोजले. इंजिनाच्या एका फेऱ्यात चाक फार पुढे जात होते. गाडीत जोर कमी नव्हता. तिची ढांगच लांब होती. इतका वेळ मी तिच्या पोटात औषध घालीत होतो आणि दुखणे पायात होते. आणि चकत्या नि साखळ्या, हे तर माझ्या सायकलच्या दुकानातले काम!

डोमाजींच्या पाया पडून निघालो. मातीची टोपली टाकायची राहिली, हे आमगाव गेल्यावर आठवले.

पुढचे सहा दिवस गोंदियाच्या बाजारात गेले. मोडक्या सायकलींच्या ढिगातून पायडलकडची मोठी चकती शोधली, चव्वेचाळीस दातांची. मागच्या चाकावरच्या जुनीला बत्तीस होते; दात वाढले की ढांग आखूड. मधले भोक कानशीने वाढवले, जुन्या चकतीला बोल्टांनी जखडले, साखळीला तुकडा जोडला. पहिल्यांदा चालवून पाहिली तर नागऱ्याच्या रस्त्यावर साखळी उडाली. चकती केसभर तिरकी बसली होती. पुन्हा उतरवली, पुन्हा बसवली. मुनीमजी रोज येऊन पाहत.

"क्या मिस्त्री, घोडे को चकरी पहना रहे हो? अब तो बैल भी आगे निकल जाएगा."

"सपाटीला निघेल, मुनीमजी," मी म्हटले. "चढावर नाही."

म्हटले खरे, पण चकतीचे बोल्ट मी पुन्हा एकदा आवळून पाहिले.

आठव्या दिवशी आदल्या दिवशीच रेंगीने निघालेले मुनीमजी डोंगरमाथ्यावर येऊन थांबले. मी मागे दोन गठ्ठे सुतळी बांधून निघालो. सपाटीला गाडी खरेच मेंगळट झाली होती. एका सायकलवाल्याने मला मागे टाकले आणि वळून दातही दाखवले. तलावाशी पाळीवरचे लोक दिसले. डोमाजींनी काठी वर केली.

"वर पोचला तं भोंगा वाजव गा! आमाले बी कळू दे!"

पहिले वळण गेले. दुसरे आले. इंजिनाचा आवाज खाली बसला, आणि मी डोळे मिटून घेण्याच्या बेतात होतो. पण थांबले नाही. टुक टुक टुक, त्या म्हातारीसारखे. मी पायडलला पायही लावला नाही. एका बाजूला दरी, साजाची (ऐनाची) झाडे, वानरे. काही नीट पाहिले नाही. माथ्यावर मुनीमजी बैलांना पाणी पाजीत होते. त्यांनी गठ्ठे दाबून पाहिले, माझे पाय पाहिले, रस्ता पाहिला.

"ढकेला तो नहीं?"

"नाही."

"सेठजी से कह दूँगा," एवढेच बोलून त्यांनी मला आपल्या डब्यातली पुरी दिली.

मी कड्याशी जाऊन रबरी भोंगा दाबला, तीनदा. खाली तलाव तळहाताएवढा दिसत होता. पाळीवरचे ठिपके थांबले, आणि एका ठिपक्याने टोपली वर धरली. ओरडून सांगावेसे वाटले, पण आवाज कुठला पोचायला!

फडावरून परतलो ते तिसऱ्या दिवशी कलत्या उन्हात. डोमाजींसाठी जाताना आमगावला घेतलेला गूळ पिशवीत होता. पण पाळीवर कोणी नव्हते. काम पुरे झाले होते. नवी माती चोपून सारखी केली होती. गुराख्याने सांगितले, डोमाजी बायकोला घेऊन लेकीच्या गावी गेले, दूर, आता पाणी पडल्यावर येतील. गूळ त्याच्या हाती दिला. तो गुरे घेऊन निघून गेला.

गोंदियाला परतल्यावर शेठजींनी मला ठेवून घेतले. आईला लिहिलेले कार्ड आता खरे आहे. तरी त्या संध्याकाळी गाडी कशी चढली ते सांगायला समोर कोणी असते तर बरे झाले असते. पाळीच्या पायथ्याशी एक फुटकी टोपली पडली होती. मी तळात उतरलो, हातांनी माती भरली, डोक्यावर घेतली आणि वीतवीतभर पाऊल टाकीत चढलो. कुठे थांबलो नाही. वर जाऊन माती पसरली, पायाने दाबली, आणि मग गोंदियाकडे निघालो.