माझे साडू आणि पुढची पिढी

जगात वस्तू विकत घेणारे पुष्कळ भेटतात, पण एक वस्तू विकत न घेण्याचं काम ऐन तारुण्यापासून केस पिकेपर्यंत अखंड निष्ठेनं करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. ही वस्तू म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेमचा कन्सोल. कॉलेजात असताना तासाच्या भाड्यानं गेम खेळू देणाऱ्या एका अंधाऱ्या गाळ्यात त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला आणि तिथंच ठरवलं, की हा आपल्या घरी असायलाच हवा. पण योग्य भावात. या शेवटच्या दोन शब्दांपायी त्यांचं लग्न झालं, घर झालं, घराचे हप्ते फिटले, पण कन्सोल काही आला नाही.

साडू पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर आहेत. नाशिकहून रोज हायवेनं जाऊन-येऊन करतात. द्राक्ष, बेदाणा, कुठला माल धरून ठेवायचा आणि कुठला आजच्या आज सोडायचा, यात त्यांचा शब्द भलेभले बागायतदार मानतात. त्यांचं सगळं अर्थशास्त्र एका वाक्यात मावतं: थांबेल त्याचा फायदा. विकणाऱ्यानं थांबावं आणि घेणाऱ्यानंही थांबावं. दोघंही थांबले तर व्यवहार व्हायचा कधी, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "ज्याला धीर नाही, तो करतो."

कन्सोलच्या बाबतीत या थांबण्याचं त्यांनी शास्त्र करून ठेवलं होतं. नवीन यंत्र बाजारात आलं, की आत्ता घ्यायचं नाही, कारण पहिल्या लॉटमध्ये खोड्या असतात. दोन वर्षं गेली, की आत्ता घ्यायचं नाही, कारण आता त्याचं बारीक मॉडेल येईल. बारीक मॉडेल आलं, की आत्ता तर मुळीच घ्यायचं नाही, कारण पुढची पिढी दाराशी उभी आहे. पुढची पिढी दारातून आत आली, की पुन्हा पहिल्या लॉटच्या खोड्या. अशा तीन पिढ्या त्यांच्या दारावरून वाजतगाजत निघून गेल्या आणि साडू उंबऱ्यात उभे राहून प्रत्येक वरातीतली खोट काढत राहिले. कुठल्या देशात कुठली कंपनी कधी काय जाहीर करणार, याची अफवा त्यांना आधी कळायची. घरात दूध संपल्याची बातमी मात्र तिसऱ्या दिवशी.

बरं, न घेणं म्हणजे तयारी नसणं असं नव्हे. सेलमध्ये गेमच्या डिस्क स्वस्त मिळतात म्हणून त्या ते नियमानं आणत. चालवायला यंत्र नसलेल्या डिस्कांची एक अख्खी फळी त्यांच्या हॉलमध्ये होती आणि माझी मेव्हणी दर रविवारी ती पुसायची. तिनं मला एकदा विचारलंही, "भाऊजी, भाताआधी पत्रावळ मांडतात हे ठीक, पण ही पंगत कधी बसणार?" टीव्हीखालचं कपाट करून घेतानाही साडूंनी सुताराकडून कन्सोलच्या मापाचा कप्पा काढून घेतला होता. ती पिढी गेली, पुढची आली, आणि ती अंगानं एवढी थोराड निघाली की कप्प्यात मावेना. सुताराला पुन्हा बोलावलं. त्यानं कप्पा वाढवून दिला आणि जाताना जरा अवघडून विचारलं, की साहेब, यात ठेवायचं काय असतं? त्या कप्प्यात बरीच वर्षं लोणच्याची बरणी राहिली.

कॉलेज रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात साडू दर पंधरवड्याला जात. खोका हातात घेत, उलटा करत, उत्पादनाचा महिना वाचत, आणि "अजून जुनाच माल आहे" असं म्हणून परत ठेवत. सुरुवातीला सेल्समन त्यांना वस्तू दाखवायचा. काही वर्षांनी तोच त्यांना भविष्य विचारू लागला. पुढं पुढं साडू शेजारच्या गिऱ्हाइकालाही न मागता सल्ला देत आणि पाकीट काढलेला माणूस ते खिशात घालून निघून जाई. शेवटी मालकानं त्यांना चहा पाजला आणि हात जोडून विनंती केली, की आपण जरूर येत जा, फक्त शनिवार-रविवार सोडून. साडूंनी हा आपला गौरव समजून घेतला. आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी मुलासाठी कन्सोल आणला तेव्हा साडू त्यांना भेटायला गेले, खुर्चीच्या कडेला बसले, थोडा वेळ खाली पाहिलं आणि म्हणाले, "घेतलात? असो. झालं ते झालं." डॉक्टरांच्या बायकोला वाटलं, कुणी गेलं की काय.

या शास्त्राला पहिला तडा गेला तो अगदी अलीकडे. आजवरची रीत अशी, की यंत्र जुनं होत जातं तसं स्वस्त होतं. या पिढीनं ती रीतच मोडली. काही वर्षं बाजारात असलेलं तेच यंत्र, तोच रंग, तोच खोका, आणि भाव उतरायचा सोडून चढला. मग पुन्हा चढला. कुणी म्हणे चिपा महागल्या, कुणी म्हणे डॉलर, कुणी म्हणे जगातली सगळी मेमरी मोठमोठ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर गिळताहेत. साडूंना यातलं एकही कारण पटेना. ते माझ्याकडे आले, पाण्याचा पेला हातात धरून बसले. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "पडून राहिलेला माल महाग होताना मी आयुष्यात पाहिला नाही. द्राक्षाला तर कळतंय, चार दिवसांनी आपली किंमत काय ते. या डब्याला कळू नये?" त्या आठवड्यात त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. कोल्ड स्टोरेजमध्येही त्यांनी एका बागायतदाराला "तुमचं तुम्ही ठरवा" असं सांगितलं म्हणे, आणि तो बिचारा घाबरून मालच घेऊन गेला.

आणि याच सुमारास अण्णा त्यांच्याकडे राहायला आले. अण्णा म्हणजे साडूंचे वडील. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, देवळाली कॅम्पात स्वतःच्या दोन खोल्यांत एकटे आणि ताठ राहणारे. त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं सावरलं, पाय सावरला, पण उजवा हात ऐकेना. फिजिओथेरपीच्या मॅडमनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. अण्णांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं गॅलरीतून खाली टाकला. लहान मुलाचा खेळ आपण खेळणार नाही, असं त्यांनी सुनेला सांगितलं. पुढं एकदा दवाखान्यात मॅडमनी त्यांना टीव्हीसमोर उभं करून हातात एक कांडी दिली. कांडी फिरवली की पडद्यावरचा माणूस गोल्फची काठी फिरवतो आणि चेंडू उडतो, असा तो खेळ होता. अण्णांनी कशीबशी कांडी फिरवली. चेंडू तळ्यात पडला. अण्णा म्हणाले, पुन्हा. मॅडमची पुढची पेशंट ताटकळत बसली, तरी अण्णा हलेनात.

घरी आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते सुनेलाच काय, मुलालाही नवीन होतं. देवळालीला असताना साहेब लोक गोल्फ खेळायचे आणि अण्णांची ड्यूटी पुष्कळदा मैदानाच्या कडेला असायची. कुठला साहेब मनगट वळवतो, कुठला घाईत मान वर करतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. काठी मात्र एकदाही हातात आली नव्हती. ती मागायची नसते, एवढंच ते म्हणाले.

झालं. घरात कन्सोल यायला आता कारणही होतं आणि रोज खेळवा, असा फिजिओथेरपीच्या मॅडमचा हुकूमही होता. मेव्हणीनं सुटकेचा श्वास सोडला. पण साडूंनी कागद-पेन्सिल घेतली. भाव आत्ता कधी नव्हे एवढा वर होता. दिवाळीला सेल लागेल. शिवाय पुढच्या पिढीची बातमी कधीही फुटेल आणि मग जुनं यंत्र झक मारत खाली येईल, असा त्यांचा हिशेब. तोपर्यंत अण्णांना दवाखान्यात नेत जाऊ, असं त्यांनी सुचवलं. दवाखान्यात खेळायला आठवड्यातून एकदा दहा मिनिटं मिळायची. मेव्हणीनं मला फोन केला. "भाऊजी, माझं ते ऐकणार नाहीत. तुम्ही या आणि दोन शब्द सांगा."

मी गेलो तेव्हा साडू अण्णांच्या पलंगाजवळ स्टुलावर बसून त्यांना बाजार समजावून सांगत होते. पिढी म्हणजे काय, भाव केव्हा पडतो, आत्ता घेणं म्हणजे कसं शुद्ध नुकसान. मी सांगायला म्हणून काही नेलं होतं, ते तोंडातच राहिलं, कारण अण्णा इतकं नीट ऐकत होते. मधूनमधून मानही हलवत होते. डाव्या हातानं ते उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होते. साडूंचं बोलणं संपल्यावर त्यांनी ती बोटं मांडीवर ठेवली.

"तुझं बरोबर आहे बाळा," ते म्हणाले. "तू थांब. तुझ्याजवळ वेळ आहे."

त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. स्टेशनवर कुणाला गाडीची वेळ सांगावी तसं ते बोलले आणि कुशीवर वळले. हातातला कागद साडूंनी घडी घालून खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मी चहा घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या वेळेला साडूंची गाडी माझ्या दारात उभी. चला, एवढंच म्हणाले. दुकानात शिरल्यावर त्यांनी खोका उचलला, पण उलटा केला नाही. उत्पादनाचा महिना वाचला नाही. सरळ काउंटरवर नेऊन ठेवला. सेल्समन त्यांच्याकडे पाहतच राहिला. इतक्या वर्षांची शिकवणी त्याच्या अंगी भिनलेली होती. तो हळू आवाजात म्हणाला, "सर, थोडं थांबता का? नवीन येतंय म्हणतात. भाव पडेल."

"बांधा," साडू म्हणाले. "आणि गोल्फचा गेम हवा, फिरवायच्या कांडीसकट. असेल तो द्या."

मालक आतून उठून आला. एखाद्या व्रतस्थ माणसाला भर बाजारात भजी खाताना पाहावं तशी त्याची नजर होती. त्यानं आपणहून काही सूट देऊ केली, पण साडूंचं तिकडे लक्षच नव्हतं. परतताना गाडी मी चालवली. साडू खोका मांडीवर घेऊन बसले होते. द्वारका चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "भाऊसाहेब, हा निघाल्यापासून इतका महाग कधीच नव्हता. आजच आहे." हे सांगताना त्यांच्या आवाजात दुःख असायला हवं होतं. मला तरी ते ऐकू आलं नाही.

मग त्या हॉलमध्ये जे सुरू झालं ते पाहायला आम्ही मुद्दाम जायचो. अण्णा सकाळी अंघोळ करून, केस चापून, पायात बूट घालून टीव्हीसमोर उभे राहत. घरात चप्पल चालेल, मैदानात नाही, असा नियम. अण्णा कांडी उचलत तेव्हा कुणी बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, साडूंनी तर खोकायचंही नाही. आयुष्यभर जगाला सल्ला दिलेला माणूस वडिलांच्या मागं पाण्याचा तांब्या आणि नॅपकिन घेऊन उभा असे. एकदा त्यांनी धीर करून, वारा डावीकडून आहे अण्णा, असं सांगितलं. अण्णांनी मागं न पाहता "साहेब खेळताना बोलायचं नसतं" असं सुनावलं. साडूंनी लढाईचाही एक गेम लावून पाहिला. अण्णांनी तो मिनिटभर पाहिला, तोफ अशी भरत नाहीत म्हणाले, आणि बंद करायला लावला. डॉक्टरांचा मुलगा हरायला म्हणून रोज येऊ लागला. हळूहळू चेंडू तळ्यात पडायचा थांबला. एका सकाळी अण्णा खोलीतून शर्टाची बटणं स्वतः लावून बाहेर आले. एक बटण वरखाली झालं होतं. ते कुणीच दुरुस्त केलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अण्णा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. त्यांच्या खेळाच्या नादात दिवाळीचा सेल केव्हाच होऊन गेला होता. पुढच्या पिढीची काहीतरी बातमीही फुटली होती. ती साडूंना मी सांगितली. "असं का?" ते म्हणाले. "मी पाहिलं नाही हल्ली."

देवळालीच्या दोन खोल्या रिकाम्या करायला साडूंबरोबर मी गेलो होतो. सामान फार नव्हतंच. एक ट्रंक, भांडी, अंथरूण. दुपारपर्यंत आवरलं. येताना रस्ता गोल्फच्या मैदानाच्या कडेनं जातो, तिथं साडूंनी गाडी बाजूला घेतली आणि उतरून तारेच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. मीही गेलो. गवत वाळायला लागलं होतं. लांब एक तरुण अधिकारी एकटाच सराव करत होता. त्यानं काठी मागं नेली, क्षणभर धरली आणि मारली. चेंडू उजवीकडे झाडांत गेला.

"मान वर केली," साडू पुटपुटले.

त्यानं दुसरा चेंडू ठेवला. साडू आता अजिबात हलत नव्हते. माझ्या खिशात फोन वाजला तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी तो चाचपडत बंद केला. या वेळी चेंडू सरळ उडाला, उन्हात दिसेनासा झाला आणि फार पुढं कुठंतरी पडला. साडूंनी तो पडला त्या दिशेला बराच वेळ पाहिलं.

"बरा मारला," ते म्हणाले. "पण अण्णांचा याच्यापेक्षा लांब जायचा."