आप्पांनी मागून मारलेली हाक

या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण लिहिणारी म्हणून नाही. कुणी "माडीवर पावलं वाजली" असं लिहिलं की खाली "उंदीर असतील" अशी कमेंट टाकणारी जी बाई आहे ना... ती मी. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही आहे असं म्हणवत नाही. पण एक अनुभव असा आहे की त्याच्याखाली मला उंदीर लिहिता येत नाही.

मी तेरखेड्याची. वाशी तालुका, धाराशिव जिल्हा. फटाक्यांचं गाव म्हटलं की लोकांना लगेच कळतं. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्या एका कारखान्यात दारू भरायचे. (फटाक्यातली. पुण्यातल्या रूममेट्सना हे दर वेळी सांगावं लागायचं.) या कामात एक नियम फार कडक. दारूवर हात असलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. तो दचकला, हात हलला, की संपलं. समोर जाऊन गप उभं राहायचं आणि त्यानं मान वर केली की बोलायचं. आप्पांच्या अंगात हे इतकं मुरलेलं की ते घरीदारीही कुणाला मागून हाक मारत नसत. मी शाळेत डबा न्यायला विसरले की वर्गाच्या खिडकीसमोर येऊन उभे राहायचे, माझं लक्ष जाईपर्यंत. आई याच्या अगदी उलट. तिची हाक पार वाशीपर्यंत जावी.

तर मी मास्टर्ससाठी जर्मनीला गेले. पहिल्याच हिवाळ्यात दोन मैत्रिणी झाल्या — पोलंडची काशा आणि व्हिएतनामची लिन. थंडी सरत आली तेव्हा तिघींनी वीकेंडला डोंगरातलं एक लाकडी घर भाड्यानं घेतलं. मोबाईलला रेंज नाही, चूल पेटवायची, समोर तळं. माझा कोट प्रवासात भिजला होता म्हणून मी काशाचं मोहरीसारखं पिवळं जॅकेट घातलं. काशा उंच, त्यामुळं ते मला गुडघ्यापर्यंत आलं. दोघी माझ्यावर हसत होत्या.

तळं गोठलेलं होतं. आता आमच्या भागातल्या लोकांना कळेल मी काय केलं असेल ते. आमच्याकडं उन्हाळ्यात तलाव आटला की त्यातूनच पायवाट पडते. पलीकडच्या वस्तीवर जायचं तर वळसा कोण घालणार... तलाव हा सरळ ओलांडायचाच असतो, हे माझ्या डोक्यात पक्कं. शनिवारची दुपार, छान ऊन. दोघी काठावर पाव-चीज खात बसल्या होत्या आणि मी खुशाल पलीकडच्या झाडांकडं चालू लागले. तिथं एक ओढा तळ्यात येऊन मिळतो आणि वाहत्या पाण्यावरचा बर्फ पातळ असतो, हे मला कोण सांगणार?

मी बरीच आत गेले होते. आणि मागून हाक आली.

"ए माय, माघारी फिर."

आप्पांचा आवाज. मला 'माय' तेच म्हणतात. घोगरा, 'माघारी'वर थोडा चिरकलेला. भास होतोय असं मनात यायच्या आत मी वळलेसुद्धा. मागं कुणीच नव्हतं, लांब काठावर त्या दोघी तेवढ्या. मी त्यांच्या दिशेनं काही पावलं टाकली असतील, तोच पाठीमागं लाकूड फाटावं तसा आवाज झाला. मी जिथं उभी होते तिथला बर्फ खचला आणि त्यावर काळं पाणी चढलं. काशा तिकडून ओरडली, "आडवी हो, सरपटत ये." मी सरपटत आले. काठावर पोचल्यावर लिननं मला धरून ठेवलं आणि आम्ही तिघी रडलो.

हाक त्यांना ऐकू आली नव्हती. मी मनाशी म्हटलं, बर्फाची बारीक कुरकुर कानांनी टिपली असेल आणि मेंदूनं तिला ओळखीचा आवाज दिला असेल. पण मग आईचा द्यायचा ना... तिच्या हाका ऐकण्यात माझं लहानपण गेलं. आप्पांची मागून आलेली हाक मी जन्मात कधी ऐकलेलीच नव्हती.

घरी काही कळवायचं नाही असं ठरवलं होतं. रविवारी रेंज आल्यावर नेहमीसारखा फोन लावला, तर आईच रडवेली.

"तुझ्या आप्पानं काल लई येडेपणा केला बघ. शेडमधी बायका दारू भरत हुत्या आन् हे एकदम वरडले. कमलच्या हातातलं भांडं पडलं. देवीनंच राखलं."

"कुणावर ओरडले?"

"कुणावर न्हाय. म्हणं, आपली माय दारापुढनं गेली, पिवळा कोट घालून, पार गुडघ्यापातूर. माघारी फिर म्हणून वरडले म्हणं."

जॅकेटचा फोटो मी कुणालाही पाठवला नव्हता, पाठवता येतच नव्हता. वेळ जुळवून पाहिली. जुळते, पण घड्याळ ना इकडं कुणी पाहिलं ना तिकडं, म्हणून त्यावर मी भर देणार नाही.

आप्पांनी दुसऱ्याच दिवशी भरायचं काम सोडलं. मालक नको म्हणत होते. आप्पा म्हणाले, "ज्याचा तोंडावर ताबा न्हाय त्यानं दारूला हात लावू नये." आयुष्यभराचं कसब होतं ते. आता ते बॉक्सवर लेबलं चिकटवतात.

सुट्टीत घरी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मी म्हटलं, "आप्पा, माझ्यामुळं तुमचं काम गेलं."

"जाऊंदे की." मग म्हणाले, "तू पयल्यांदा निघालीस ना, तवा येरमाळ्याच्या ष्टँडावर हाक पार तोंडापातूर आली हुती. जाऊ नगं म्हणणार हुतो. गिळली. आता गिळलेली हाक काय जिरती व्हय?"

हे स्पष्टीकरण आहे का? नाही. मी इंजिनिअर आहे, मला हे पटायला नको. दुसरं मात्र आजवर सापडलेलं नाही.

त्या सुट्टीनंतर परत निघाले तेव्हा पुण्याची गाडी येरमाळ्याला लागली होती. बॅग चढवून मी दारात पाय ठेवला, तेवढ्यात मागून आवाज आला, "ए माय." आई चिडली, "निघताना मागनं हाक मारत्यात व्हय?" कंडक्टर घाई करत होता. मी पायरी उतरून खाली आले आणि आप्पांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांना सांगायचं असं काहीच नव्हतं; या खेपेला हाक गिळली नाही, एवढंच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "जा आता."