दुसऱ्या पंखाची सुई

साठच्या दशकातल्या एका जानेवारीत, मसोली गावातल्या माझ्या चिकूच्या वखारीत, जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाने माझ्या विमानाचा दुसरा पंख अर्ध्यावर सोडला. परदेशातून पेट्यांत आलेले सुटे भाग जोडून मी दोन वर्षं ते विमान बांधत होतो. पंखाच्या लाकडी फासळ्यांवर कापड शिवायला दोन माणसं लागतात. पंख उभा करायचा, एकाने सुई आरपार ढकलायची, पलीकडच्याने ती परत पाठवायची. पहिला पंख आम्ही तसाच शिवला. वखारीत पिकत्या चिकूंचा आणि मेण लावलेल्या दोऱ्याचा वास असे. त्या दुपारी मी ढकललेली सुई परत येईना. पाहिलं, तर तांडेल विमानात डोकावत होता. “एकच खुर्ची, शेट?” “एकट्याचंच विमान आहे, बाबा.” “आमच्या होडीवर एकटा कुणी जात नाय. बुडाला तर घरी सांगायला कोण येनार? दुसरी लावा, मग शिवतो.” “दुसरीवर बसवू कुणाला?” तो हसला. “ते पन मीच शोधू?” आणि निघून गेला. काल मेणबत्ती विझवताना तोच मेणाचा वास आला, म्हणून इतक्या वर्षांनी वखार उघडली. पहिला पंख पुरा आहे. दुसऱ्यात सुई अजून आहे, पलीकडच्या बाजूला.